कुत्र्याला फिट आली की व्हिडिओ काढा

दवाखान्यात पोचेपर्यंत फिट ओसरलेली असते. कुत्रा टेबलावर शेपूट हलवत उभा, आणि "नक्की काय झालं?" याचं उत्तर घरातले तिघं तीन तऱ्हांनी देतात. म्हणून मोबाइल.

१. आधी जिना, टीपॉय, पंखा दूर. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही. कुत्रा जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र चावलं जातं. कांदा-चप्पल हुंगवणं तर सोडाच.

२. रेकॉर्डिंग सुरू करा. वेळ आपोआप मोजली जाते. घाबरल्यावर अर्धं मिनिटही फार मोठं वाटतं. तोंडापासून शेपटीपर्यंत सगळं अंग दिसू द्या. झटके एकाच बाजूला आहेत का, लाळ गळतेय का, लघवी झाली का, नावाने हाक मारल्यावर कान हलतो का, हे सगळं त्यात येतं. नुसती भोवळ येऊन पडला असेल तर दुखणं हृदयाचंही असू शकतं. तो फरक ओळखायला डॉक्टरांना व्हिडिओची मोठी मदत होते.

३. फिट थांबल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. भेलकांडणं, भिंतीला धडकणं टिपलं जातं.

४. तारीख, वेळ आणि गोळी चुकली होती का, एवढं कॅलेंडरवर लिहा. फिनोबार्बिटोन (फिट रोखणारी गोळी) दर 12 तासांनी सांगितली असेल तर मोबाइलवर दोन अलार्म लावा.

फिट 5 मिनिटांच्या पुढे गेली किंवा 24 तासांत दुसरी आली, तर चित्रण सोडा आणि थेट दवाखाना गाठा. आणि फिट येत नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. अचानक तोडली की जोरदार फिट येऊ शकते.