स्मार्ट घराचं नियोजन: आधी बोर्ड उघडा, मग खरेदी करा

स्मार्ट होमची यादी बहुतेक जण मोबाइलवर सेल बघत करतात. हॉलला चार स्विच, बेडरूमला दोन रंगीत बल्ब, दाराला कुलूप. वस्तू घरी आल्या की मग वायरमनला फोन जातो. मी गेली काही वर्षं नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरांत हे काम करून देतो आहे. पैसे वाया जातात ते याच क्रमामुळे, हे मी ठामपणे सांगेन. कुठल्या खोलीत काय बसेल हे ॲप ठरवत नाही, भिंतीतल्या वायरी ठरवतात. इथे मी पुण्या-मुंबईकडचा, वीसेक वर्षं जुना, कन्सिल्ड फिटिंगचा (वायरी भिंतीतल्या पाइपमधून गेलेल्या) टू बीएचके गृहीत धरतो आहे.

पायरी १: खोलीवार नव्हे, बोर्डवार यादी

वही घ्या, घरभर फिरा, प्रत्येक बोर्डावर कोणतं बटण कशाचं आहे ते लिहा. बोर्डावर सॉकेट आहे की नाही, हेही लिहा.

यादी करताना एक नियम पक्का ठेवा: भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. इंटरनेट बंद असो, आजींना मोबाइल वापरता येत नसो, कामाला येणाऱ्या मावशींना पंखा लावायचा असो. म्हणून छताच्या दिव्यांसाठी स्मार्ट बल्ब घेऊच नका. कुणीतरी सवयीने बटण बंद करतं, बल्बचा वीजपुरवठा तुटतो आणि तुमचं सगळं वेळापत्रक तिथेच संपतं. आहे तेच बटण ठेवून त्यामागे लहान रिले मॉड्यूल (ॲपवरूनही चालू-बंद करता येणारा छोटा स्विच) बसवणं हाच आपल्या घरांसाठी योग्य मार्ग आहे.

पायरी २: बोर्ड उघडून न्यूट्रल शोधा

सगळं काम इथेच अडतं. मीही सुरुवातीला याच पायरीवर सर्वांत जास्त झगडलो, म्हणून इथे घाई करू नका.

साधं बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतं-जोडतं. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, बटणाकडे येतच नाही, ती छतातून थेट दिव्याला गेलेली असते. मॉड्यूलला मात्र स्वतः जागं राहायला चोवीस तास थोडी वीज लागते, म्हणजे त्याला बोर्डातच फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. ‘जुन्या घरांत न्यूट्रल नसतेच’ हा परदेशी व्हिडिओंतून उचललेला सल्ला आहे. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर बटणांच्या शेजारी एखादं सॉकेट असतं आणि सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आलेली असते. अडचण होते ती नुसत्या बटणांच्या बोर्डांची: पॅसेज, बाथरूमबाहेरचा बोर्ड, पलंगाशेजारचं टू-वे (एकच दिवा दोन जागांवरून लावायचं बटण), बाल्कनी. यादीत अशा बोर्डांवर खूण करा आणि वायरमनला घेऊन तेवढे आधी उघडा. वायरमन लायसन्सवालाच हवा.

वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे खरं. पण काम करताना जी गुंडाळी हाताला लागली ती ओढलेली घरं मी भरपूर पाहिली आहेत. टेस्टरवरही विसंबू नका. टेस्टर न्यूट्रलवर पेटत नाही, अर्थिंगवर पेटत नाही आणि तुटलेल्या वायरीवरही पेटत नाही. मल्टिमीटरने फेजपासून न्यूट्रलपर्यंत साधारण २३० व्होल्ट दिसतात, आणि फेजपासून अर्थिंगपर्यंतही जवळपास तेवढेच. दोन्हींतला फरक ओळखायचा तर डीबीतली (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतली) दोन पोलची आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पडणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) बंद करायची, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा आणि बोर्डात कुठेच व्होल्टेज नाही याची खात्री करायची. मग संशयित वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही एकमेकींना जोडलेल्या आहेत का, ते तपासायचं. मीटर वाजला तर ती वायर न्यूट्रल म्हणून वापरता येणार नाही: एकतर ती अर्थिंगच आहे, नाहीतर कुठेतरी अर्थिंगला टेकली आहे. हे काम वायरमनकडूनच, पण तुमच्या समोर करून घ्या.

न्यूट्रल नसलेल्या बोर्डासाठी तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘अर्थिंगलाच न्यूट्रल म्हणून जोडा.’ हे कधीही करू देऊ नका. अर्थिंगच्या वायरीतून सतत प्रवाह वाहू लागतो आणि ती वायर पुढे कुठे तुटली, तर त्याच अर्थिंगला जोडलेल्या फ्रिज-गीझरच्या पत्र्यावर वीज येऊ शकते. असं सुचवणाऱ्या वायरमनला चहा पाजून निरोप द्या.

दुसरा सल्ला, शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल आणा. ती त्याच सर्किटची असेल तरच आणा. फेज एका आरसीसीबीमधून आणि न्यूट्रल दुसरीकडून आली, तर जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला एवढा फरक पुरतो आणि ती पडत राहते. इन्व्हर्टर असलेल्या घरांत हा गोंधळ विशेष होतो. दिवे-पंखे इन्व्हर्टरच्या फेजवर आणि शेजारचं सॉकेट महावितरणच्या थेट लाइनवर असतं. इन्व्हर्टरच्या सर्किटची न्यूट्रल वेगळी आणली आहे की सामाईक आहे, हे डीबीत पाहिल्याशिवाय एकही वायर जोडू नका.

तिसरा सल्ला, न्यूट्रल न लागणारे स्विच घ्या. ते चालतात, पण दिव्यातूनच थोडासा प्रवाह सोडून स्वतःला जागं ठेवतात. पाच-सात वॅटचा एलईडी त्यामुळे बंद असतानाही मंद पेटतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा हे थांबतं. मी हा पर्याय शेवटचा ठेवतो.

माझ्या मते योग्य उपाय म्हणजे आहे त्याच पाइपमधून स्प्रिंग टाकून १.५ चौरस मिमीची नवी काळी वायर ओढून घेणं. पाइप चोंदला असेल तर तो बोर्ड साधाच राहू द्या. पॅसेजच्या एका दिव्यासाठी रंगवलेल्या भिंतीला झिरी मारण्यात शहाणपण नाही.

न्यूट्रल सापडली की जागा पाहा. जुन्या लोखंडी बॉक्समध्ये वायरींचा गुंता एवढा असतो की मॉड्यूल कोंबावं लागतं. कोंबू नका, मॉड्यूल तापतं. बोर्डावर रिकामी पट्टी असेल तर तिच्यामागे जागा असते. पंख्याचा रेग्युलेटर काढणार असाल तर त्याच्यामागे त्याहून जास्त.

टू-वे बटणांना एकच मॉड्यूल लागतं, दोन्हीकडे लावू नका. बहुतेक घरांत फेज एका बोर्डात येतो आणि दिव्याकडे जाणारी वायर दुसऱ्यातून निघते. मॉड्यूल या दुसऱ्या बोर्डात बसवायचं. मधल्या दोन वायरींपैकी एक कायमचा फेज आणण्यासाठी वापरायची आणि दुसरी पहिल्या बटणाचा संकेत आणण्यासाठी. मात्र काही मॉड्यूलची बटणाची टोकं फेज स्वीकारतात, काहींच्या त्या टोकांना फेज लागला तर मॉड्यूल जागीच जळतं. डबीतला आराखडा खरेदीआधी बघा. टोकांना फेज चालत नसेल तर या जागी ते मॉड्यूल घेऊच नका.

पायरी ३: नेटवर्क

राउटर चपलांच्या कपाटामागून काढून घराच्या मध्यावर आणा आणि त्याला छोटा यूपीएस द्या. बहुतेक स्वस्त उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून तो बँड चालू ठेवा. उपकरणं वीस-पंचवीसच्या पुढे जाणार असतील तर वाय-फायऐवजी झिगबी (अशा उपकरणांचं वेगळं वायरलेस नेटवर्क) आणि एक हब (त्यांना राउटरशी जोडणारी डबी) घ्या. नवीन खरेदीत मॅटर या मानकाचा शिक्का असेल तर उत्तम, म्हणजे एकाच कंपनीच्या ॲपशी बांधले जात नाही.

पायरी ४: आता खोल्या

हॉल: दिवे आणि पंखा, एवढं पुरे. बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवर चालणारा) पंखा घेणार असाल तर जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढा, तो पंखा रेग्युलेटरमार्फत चालवायचा नसतो. दिव्याचा स्मार्ट डिमर पंख्याला लावू नका, पंखा घूं घूं करतो.

बेडरूम: एसीची वीज रिलेने तोडू नका. त्याच्यासमोर दिसेल असा आयआर ब्लास्टर ठेवा, तो रिमोटचंच काम करतो.

स्वयंपाकघर: इथे एकच गोष्ट महत्त्वाची, गॅस सेन्सर, आणि तो चुकीच्या उंचीवर बसवलेला मी सर्वांत जास्त पाहतो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. मुंबईत महानगर गॅसचा किंवा पुण्यात एमएनजीएलचा पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका असतो, त्याचा सेन्सर छताजवळ हवा. सिलिंडरवरून पाइपवर गेलात की सेन्सरची जागाही बदला. तो दोन्ही गॅस ओळखतो का, हेही तपासा. आणि ‘गॅस गळला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू’ असं ऑटोमेशन व्हिडिओत कितीही छान दिसलं तरी करू नका. रिले जोडताना ठिणगी पडते, साध्या एक्झॉस्टच्या मोटरचाही भरवसा नाही. सेन्सरने फक्त मोठ्याने वाजावं आणि मोबाइलवर सांगावं. पुढे खिडक्या उघडणं आणि रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करणं माणसानेच करायचं, कुठलंही बटण न दाबता.

बाथरूम: २,००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा इन्स्टंट १३. दिव्यांचं १० अँपिअरचं मॉड्यूल इथे लावू नका. गीझरसाठीचं १६ किंवा २० अँपिअरचं घ्या किंवा कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह सोसणारा मोठा रिले) लावा, आणि आपोआप बंद होण्याचा टायमर ठेवाच. दिव्याला पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर नको, माणूस स्थिर बसला की त्याला तो दिसत नाही.

मुख्य दार: स्मार्ट कुलूप मे महिन्यात बसवलं आणि जुलैत अडकलं, ही तक्रार नेहमीची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, बोल्ट चौकटीतल्या भोकात नीट जात नाही आणि मोटर जोर लावत बॅटरी संपवते. भोक सुरुवातीलाच दोन-तीन मिलिमीटर मोठं करून घ्या. साध्या किल्लीची सोय नसलेलं कुलूप घेऊ नका, आणि ती किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे ठेवा.

पायरी ५: मेन बंद करून पाहा

सगळं बसल्यावर मेन स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. वीज परत आल्यावर प्रत्येक मॉड्यूल कोणत्या स्थितीत येतं ते ॲपमध्ये ठरवता येतं. दिवे आणि गीझर ‘बंद’वर ठेवा, नाहीतर लोडशेडिंगनंतर पहाटे तीनला घरभर उजेड होईल आणि गीझर तापत राहील. पंखे ‘आधीची स्थिती’वर ठेवा. मग राउटर बंद करून घरातलं प्रत्येक बटण एकदा हाताने दाबून पाहा. जे चालत नाही, ते वायरमन जायच्या आत दुरुस्त करून घ्या. कोणत्या बोर्डात मॉड्यूल आहे आणि त्याची न्यूट्रल कुठून आली आहे, हे कागदावर लिहून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी दुसराच वायरमन येणार आहे.