इंग्लंडमध्ये घर घेताना एजंट आणि सॉलिसिटर दाद देत नाहीत? या चुका टाळा

इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली म्हणजे घर आपलं झालं असं नसतं. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत विकणारा मोकळा, आणि घेणाराही. मधले दोन-चार महिने फोन न उचलणारा एजंट आणि ईमेलला उत्तर न देणारा सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) यांच्यामध्ये माणूस भरडून निघतो. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी, ती इथे नको.) त्यांचा आळस असतोच, पण बरेचदा काम अडतं ते आपण नको त्या माणसाला नको तो प्रश्न विचारत बसल्यामुळे.

एजंटला आपला माणूस समजणं

एजंटला कमिशन विकणारा देतो, म्हणजे तो विकणाऱ्याचा माणूस. गप्पांच्या ओघात ‘तसे आम्ही साडेतीन लाखांपर्यंत जाऊ’ म्हणालात की ते वाक्य विकणाऱ्यापर्यंत पोचलंच समजा. हीच गफलत कागदावरही होते. बँक ३,५०,००० पौंड किमतीपर्यंतचं ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल (इतकं कर्ज देऊ शकू, असं प्राथमिक पत्र) देते, आणि लोक तेच ३,२०,००० च्या ऑफरला जोडून पाठवतात. झालं, भाव करायची जागाच संपली. बँकेकडून किंवा मॉर्गेज (गृहकर्ज) ब्रोकरकडून ऑफरच्या रकमेपुरतं पत्र काढून घ्या.

‘आधी आमच्या मॉर्गेज ॲडव्हायझरला भेटा, मग ऑफर पुढे पाठवतो’ हेही सर्रास ऐकू येतं. पैसे आहेत का हे तपासायचा एजंटला हक्क आहे. त्याच्याकडूनच कर्ज घ्यायला लावायचा नाही. १९७९ च्या इस्टेट एजंट्स ॲक्टखालचे नियम सांगतात की आलेली ऑफर विकणाऱ्याला तातडीने आणि लेखी कळवायची, आणि एजंटची कर्जसेवा नाकारली म्हणून ग्राहकाला डावलायचं नाही. वाद घालत बसू नका, चार ओळींचा ईमेल टाका:

‘अमुक पत्त्यावरच्या घरासाठी माझी ऑफर ३,२०,००० पौंड. ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल आणि डिपॉझिटचा पुरावा सोबत आहे. माझा मॉर्गेज ब्रोकर ठरलेला आहे. ऑफर विकणाऱ्याला कधी कळवली, ते कृपया लेखी कळवा.’

शेवटच्या ओळीनंतर सूर बहुधा बदलतो.

ऑफर मान्य झाली की घर जाहिरातीतून काढा आणि नवे व्ह्यूइंग थांबवा, अशी अटही लेखी मागा. ती कायद्याने बांधत नाही. कुणी जास्त ऑफर दिलीच तर विकणाऱ्याने दुसरं काही सांगितलं नसल्यास एजंटला ती कळवावीच लागते. पण जाहिरात उतरली की तशी ऑफर यायची शक्यता घटते.

सॉलिसिटर फक्त स्वस्त पाहून निवडणं

एजंट सुचवतो त्या फर्मकडून त्याला अनेकदा रेफरल फी मिळते. ती किती, हे विचारा. त्याच फर्मकडे जायची सक्ती नाही. एवढं मात्र खरं, की सुचवलेली प्रत्येक फर्म वाईट नसते. काही एजंट रोज त्यांच्या मागे लागतात म्हणून काम हलतंही. कोटेशन घेताना हे विचारा: फाइल कोण बघणार, त्याचं नाव काय, तो रजेवर गेला तर कोण? माझ्या बँकेच्या पॅनलवर (मान्य फर्मच्या यादीत) तुम्ही आहात का? (नसतील तर बँक वेगळा सॉलिसिटर नेमू शकते, मग खर्चही वाढतो आणि वेळही.) लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचं घर), गिफ्टेड डिपॉझिट (घरच्यांनी भेट दिलेली डिपॉझिटची रक्कम), स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न यांचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का? स्वस्त कोटेशन फुगतं ते इथेच.

‘काही अपडेट?’ असं विचारत राहणं

या प्रश्नाला ‘काम चालू आहे’ याखेरीज उत्तर येत नाही. फाइल कधीही नुसती ‘चालू’ नसते, ती कुठल्या तरी एका कागदासाठी अडलेली असते. विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडून ड्राफ्ट कॉन्ट्रॅक्ट, टायटल (मालकीचे कागद), टीए६ (घराची माहिती) आणि टीए१० (घरात काय काय ठेवून जाणार त्याची यादी) हे फॉर्म येतात. तुमचा सॉलिसिटर कौन्सिलचा, पाणी-ड्रेनेजचा आणि पर्यावरणाचा सर्च (त्या-त्या नोंदींची तपासणी) मागवतो. कागद वाचून शंका काढतो, त्या एन्क्वायरीज. उत्तरं आणि मॉर्गेज ऑफर हातात आली की रिपोर्ट, सह्या, एक्स्चेंज. तेव्हा प्रश्न असा टाका:

‘कुठल्या एन्क्वायरीज बाकी आहेत, आणि प्रत्येक कधी पाठवली? कुठला सर्च यायचा आहे, आणि तो कधी मागवला? माझ्याकडून काही हवं आहे का?’

उत्तर आलं की एजंटला फोन करा. हा माणूस खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो इथे. त्याचं कमिशन व्यवहार पार पडल्यावरच सुटतं, आणि तुमचा सॉलिसिटर विकणाऱ्याशी थेट बोलत नाही, एजंट बोलू शकतो. मात्र ‘त्यांचे सॉलिसिटर फार हळू आहेत’ अशी कुरकुर करू नका. ‘मागच्या खोलीच्या बांधकामाचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं सर्टिफिकेट ३ तारखेला मागितलंय, ते विकणाऱ्याकडे आहे का?’ असं सांगा.

फ्लॅट लीजहोल्ड असेल तर पहिल्याच दिवशी विचारा: इमारत सांभाळणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून एलपीई१ चे कागद (इमारतीचे खर्च, देखभाल यांची माहिती) मागवले का, आणि त्याचे पैसे भरले का? ते पैसे विकणाऱ्याने भरायचे असतात, आणि पुष्कळ जण ‘आधी घेणारा पक्का होऊ दे’ म्हणून टाळाटाळ करतात. यात आठवडेच्या आठवडे जातात, आणि इकडे आपण आपल्याच सॉलिसिटरच्या नावाने खडे फोडत बसतो.

पैसा कुठून आला, याची तयारी उशिरा करणं

आई-बाबा भारतातून पैसे पाठवणार असतील तर ही तयारी ऑफरच्या आधीच सुरू करा. सॉलिसिटरला पैशाचा पूर्ण माग हवा असतो: एफडी मोडल्याची पावती, ती रक्कम ज्या खात्यात आली त्याचं स्टेटमेंट, तिथून इथे आल्याची नोंद, आई-बाबांची ओळखपत्रं, आणि ही रक्कम कर्ज नाही, घरात आमचा हिस्सा नाही, असं सही केलेलं गिफ्ट लेटर. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. आई आणि बाबांची मर्यादा वेगवेगळी. पैसे तीन-चार खात्यांतून फिरवून आणलेत तर प्रत्येक खात्याचं स्टेटमेंट द्यावं लागेल.

उत्साहाने कौन्सिलला फोन करणं

जुन्या बांधकामाचा कागद सापडत नाही, सॉलिसिटर काही बोलत नाही, म्हणून घेणारा स्वतःच कौन्सिलला विचारतो: ‘या घराच्या मागच्या खोलीला मंजुरी होती का?’ इथे मोठा घोटाळा होतो. अशा त्रुटीवर साधारणपणे इंडेम्निटी इन्शुरन्स (त्या त्रुटीमुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) घेऊन वाट काढतात, आणि कौन्सिलला आधीच कळवलं असेल तर ती पॉलिसी बहुधा मिळत नाही. फोन करण्याआधी सॉलिसिटरला विचारा. बांधकाम धड आहे की नाही, ते पॉलिसी सांगत नाही. त्यासाठी स्वतः तज्ज्ञाकडून घराचा सर्व्हे करून घ्या. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे.

घाईत पैसे पाठवणं

एक्स्चेंजच्या वेळी सहसा १० टक्के डिपॉझिट जातं. नेमकं तेव्हाच ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा हुबेहूब सॉलिसिटरच्या नावाचा ईमेल येतो. असा बदल खोटाच धरून चाला आणि सुरुवातीच्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. बिल्डिंग इन्शुरन्स एक्स्चेंजच्या दिवसापासून हवा, कारण प्रमाणित अटींनुसार जोखीम त्या दिवसापासून घेणाऱ्याची. किल्ल्या मिळायची वाट पाहू नका.

तक्रार चुकीच्या दारात नेणं

पहिली तक्रार फर्मकडेच, लेखी, विषयात ‘औपचारिक तक्रार’ असं लिहून आणि तारखांसकट. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर सॉलिसिटरविरुद्ध लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी बघणारी संस्था) जाता येतं. फर्मचं अंतिम उत्तर आल्यापासून तिथे सहा महिन्यांची मुदत असते. एजंटविरुद्धही आठ आठवड्यांनंतर, पण तो ज्या रिड्रेस (तक्रार निवारण) योजनेचा सभासद आहे तिच्याकडे. कुठल्या ना कुठल्या योजनेचं सभासदत्व त्याला बंधनकारक आहे. विकणाऱ्याच्या सॉलिसिटरच्या सेवेबद्दल मात्र लीगल ओम्बड्समन तुमची तक्रार सहसा घेत नाही, कारण तुम्ही त्याचे ग्राहक नाही. तिथे एजंटकरवी विकणाऱ्यालाच सांगा की तुमचा वकील तुम्हालाच अडवतोय.

आणि तक्रार म्हणजे व्यवहार पुढे सरकवायचं साधन नव्हे. फाइल एकाच प्रश्नावर दोन-तीन आठवडे हलली नसेल तर आधी फर्मच्या वरिष्ठ पार्टनरला लिहा. सॉलिसिटर बदलणं एक्स्चेंजच्या आधी शक्य आहे, पण झालेल्या कामाचे पैसे चुकते होईपर्यंत जुनी फर्म कागद अडवून ठेवू शकते, आणि नवी फर्म टायटल पुन्हा पहिल्यापासून वाचते. बदललातच तर त्याच दिवशी बँकेला कळवा. मॉर्गेजच्या सूचना जुन्या फर्मच्या नावाने गेलेल्या असतात, आणि त्या नव्याने निघेपर्यंत ऑफरची मुदत संपत येत नाही ना, ते पाहून घ्या.