बायपासनंतर सगळं कळकलेलं लागतंय? या चुका टाळा

दवाखान्यातून घरी येऊन तिसरा दिवस. आमच्या हिनं मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप असं ताट पुढं ठेवलं. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "अगं, भांडं बदल. वरण कळकलंय." ती माझ्याकडं बघतच राहिली. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की लागतं ना, अगदी तसं लागत होतं. पण आमच्याकडची पितळी भांडी मोडीत जाऊन वीस वर्षं झाली. वरण स्टीलच्या पातेल्यातलं होतं. कळकलं होतं माझं तोंड.

पुढच्या रविवारी पोरांसाठी मटण शिजत होतं. वास आला आणि मी उठून गॅलरीत जाऊन बसलो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जन्म गेलेल्या माणसाला मटणाचा वास सोसेना म्हटल्यावर घरात अशी काय अवकळा पसरली, की ऑपरेशनच्या दिवशीही पसरली नव्हती.

डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. बायपास असो की व्हॉल्व्हचं ऑपरेशन, अनेकांना असं होतं. भूल, हृदय थांबवून काम करताना रक्त फिरवणारं यंत्र, त्यानं अंगात उठणारा दाह, घशात घातलेली श्वासाची नळी, ऑक्सिजननं कोरडं पडलेलं तोंड, अँटिबायोटिक, वेदना मारणाऱ्या गोळ्या, त्यांनी झालेलं बद्धकोष्ठ, असं सगळं एकावर एक चढतं. कुणाला धातूसारखी चव येते, कुणाला सगळंच मातीसारखं लागतं, कुणाला गोड अंगावर येतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, काहींना दोन-तीन महिने लागतात. चव आपली आपण परत येते. मधल्या काळात आपण जे उद्योग करतो, त्यांनी मात्र नुकसान होतं. आमच्या घरानं त्यातले बहुतेक केले.

मसाल्यानं चव परत आणायला जाणं

कोल्हापुरात कशालाही चव लागेना की एकच इलाज: जरा झणझणीत कर. माझ्या ताटात आधी खर्डा आला, मग लिंबाचं लोणचं, मग भाजलेला पापड. तिखटानं जीभ भाजायची, चव काही कळायची नाही. पण खरा घोळ तिखटाचा नव्हता, मिठाचा होता. खर्ड्यात मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ आणि खार. आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही कुटतानाच मीठ पडलेलं असतं, हे आपण विसरतो आणि भाजीत वेगळं घालतो. धडधाकट माणसानंही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं धरून.

ऑपरेशननंतर शरीर आधीच पाणी धरून ठेवत असतं, त्यात मिठाची भर. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांत माझं वजन दीड किलोनं वाढलं. घरात आनंद, "बघा, अंग धरायला लागलं!" पण जेवण तर चिमणीएवढं. मग दीड किलो आलं कुठून? संध्याकाळी मोजे काढले तर घोट्यावर खोल वळ उठलेले. ते पाणी होतं. फोन केला, गोळीचा डोस बदलला, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

तेव्हापासून नियम केला: रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यात वजन करायचं आणि वहीत लिहायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं, तर "अंग धरलं" म्हणून पेढे वाटू नका. डॉक्टरांना कळवा.

मीठ कमी करून ताटाला जीव कसा आणायचा, तर आंबट आणि वासाच्या जिनसांनी. लिंबू, आमसूल, आलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, निखाऱ्यावर भाजलेला लसूण, भरपूर कोथिंबीर. मला सगळ्यात आधी कळली ती गार दह्यातल्या जिऱ्याची चव. तोंड आलं असेल तर मात्र आंबट थांबवा. आणि दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं, ते स्वतःच्या मनानं आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्या चालू असतील किंवा किडनी कमजोर असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं.

"पांढरा चालतो की!"

हे खास आपल्याकडचं. आक्का डबा घेऊन आली. म्हणाली, "तांबडा नको रे बाबा, पण पांढऱ्या रश्श्यात कुठं तिखट आहे?" खरंच नाही. पण त्यात नारळाचं दूध आहे, काजू-खसखस आहे, मटणाच्या पाण्यावरची चरबी आहे आणि मीठ आहे. तिखट नाही म्हणजे सौम्य, हा आपल्या जिभेचा हिशोब. हृदयाचा वेगळा. तीच गत "अळणी"ची, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याची. नाव अळणी, पण मटण शिजवताना हळदीबरोबर मीठ घातलेलंच असतं. हवंच असेल तर ते पाणी गार करून, वरचा चरबीचा थर काढून, खरोखर बिनमिठाचं करून वाटीभर घ्या.

आता उलट बाजूही सांगतो, कारण ती सांगायला लोक विसरतात. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की सुरुवातीच्या आठवड्यांत भूकच नसेल तर कडक पथ्याचा बाऊ करू नका, काहीतरी पोटात जाऊ द्या. तेलातुपाचा हिशोब भूक परतल्यावर करता येतो. मिठाची आणि साखरेची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून. म्हणून वरणावरच्या त्या चमचाभर तुपावरून घरात भांडणं लावू नका.

पेज, नारळपाणी आणि फळांवर दिवस काढणं

"हलकं द्या" या शब्दानं पेशंटचे जितके हाल होतात, तितके जड खाण्यानं होत नसतील. पंधरा दिवस मला पेज, साबुदाण्याची खीर आणि मोसंबी. छातीचं हाड करवतीनं कापून तारेनं बांधलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. पायातली शीर काढलेली असेल तर तीही जखम भरायची असते. हे सगळं भरून यायला प्रथिनं लागतात आणि पेजेत ती जवळजवळ नसतात. मला किलोमागं साधारण सव्वा ग्रॅम सांगितलं होतं, म्हणजे माझ्या वजनाला पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास. किडनीचा त्रास असलेल्यांचं प्रमाण वेगळं असतं, ते विचारूनच ठरवा. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. एवढं सांगितलं तरी पेजेवर पंचाहत्तर गाठायचे म्हणजे काय, हे कळावं.

दुसऱ्या टोकाला आमचे तालमीतले दोस्त. एकजण बदामाची थंडाई घेऊन आला, "खुराक पाहिजे, खुराक!" दुसरा गंगावेशीतून धारोष्ण म्हशीचं दूध आणतो म्हणाला. प्रेम आहे, नाही म्हणवत नाही. पण कच्चं दूध या काळात नकोच. उकळून, साय काढून घ्या. थंडाई पोरं प्याली.

आम्हाला जमलं ते असं: सकाळी सात ते दहा या वेळात तोंड त्यातल्या त्यात बरं असायचं. म्हणून अंडी, मुगाचं धिरडं, पनीर हे सगळं सकाळकडं सरकवलं. रात्री फक्त ताक-भात. ताट बंद, वाटी चालू. भरलेलं ताट बघूनच पोट भरायचं. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर, आणि शक्यतो कोमट किंवा गार, कारण वाफ निघाली की वास उठतो आणि वास उठला की ओकारी. फोडणी पडताना मला मागच्या खोलीत बसवायचे, दार लावून.

गोळ्यांवर राग काढणं

काही गोळ्यांनी खरंच तोंड बिघडतं. ठोके ताळ्यावर ठेवणारी अमियोडारोन, मेट्रोनिडॅझोल, बीपीच्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या. हे कळल्यावर माणूस काय करतो? मुकाट्यानं एखादी गाळतो. मी एक गाळली होती, दोन दिवस. कोणती, ते सांगत नाही. घरी अजून माहीत नाही. रक्त पातळ ठेवणारी किंवा ठोक्यांची गोळी अशी सोडणं म्हणजे नव्या रस्त्यावर स्वतःच दगड टाकणं. यादी घेऊन डॉक्टरांकडं जा. कधी वेळ बदलून भागतं, कधी गोळी बदलता येते. लोहाची गोळी तर ते काही आठवड्यांसाठी थांबवूही शकतात.

व्हॉल्व्हवाल्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून मेथी-पालक बंद करायचा नसतो, रोज साधारण सारखा ठेवायचा असतो. आठवडाभर जेवणच गेलं नाही, तर गोळीचा जोर वाढतो आणि रक्त जास्तच पातळ होतं. अशा वेळी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी, लवकर करून घ्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग पडले किंवा शौच काळी झाली, तर वाट बघू नका.

साखरवाल्यांची चूक याहून धोक्याची: जेवण निम्मं आणि इन्सुलिन पूर्वीएवढंच. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. जेवणार किती हे नक्की नसेल, तर डोस कसा घ्यायचा हे आधीच विचारून ठेवा.

तोंडाकडं कुणी बघतच नाही

छाती बघतात, पाय बघतात, तोंड उघडून कुणी बघत नाही. जिभेवर पांढरा, खरवडला तर लाल होणारा थर असेल तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिकनंतर होते, औषधानं जाते. नाहीतर मऊ ब्रशनं दात, हलक्या हातानं जीभ, आणि जेवणाआधी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा टाकून चूळ. चूळ थुंकायची, गिळायची नाही. सोड्यातही सोडियम असतं.

पोट साफ नसेल तर भूक लागणारच नाही. कुंथायचं नाही, औषध मागायचं. पाण्यावर मर्यादा घातली असेल तर "पाणी पी, पाणी पी" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मनाचंही असतं. काही दिवस उगाच रडू येतं, मला टीव्हीवरची कुस्ती बघून आलं. दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. भुकेची किल्ली कधी कधी तिथं असते.

दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, गिळताना अडकत असेल, ताप 100.4 च्या वर असेल, छातीच्या टाक्यातून पाणी येत असेल, दम लागत असेल, तर हा चवीचा प्रश्न नाही. दवाखाना गाठा.

माझं सहाव्या आठवड्यात फिरलं. रंकाळ्यावर सकाळी हळूहळू चालत होतो, कणसं भाजल्याचा वास आला आणि थांबलो. अर्धं कणीस खाल्लं, तिखट-मीठ न लावता. गोड लागलं. त्या रविवारी मीच म्हणालो, तांबडा चाखायचाय. हिनं माझ्यासाठी वेगळा काढून, मीठ निम्मं घालून वाटीत दिला. मग पोरांच्या पातेल्यातला, नेहमीचा, चमचाभर घेऊन बघितला.

"अगं, खारट झालाय."

"तीस वर्षं एवढंच मीठ घालते मी," ती म्हणाली.