कलादालनात मैफल ठेवताय? या चुका टाळा

चित्रप्रदर्शनाला जोडून शास्त्रीय गाण्याची बैठक ठेवायची ही कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच तिचे होणारे हाल बघवत नाहीत. चित्रकार वर्षभर खपतो, गायक आयुष्यभर रियाज करतो, आणि आयोजक त्या दोघांची गाठ आदल्या आठवड्यात फोनवरून घालून देतो. मग पुढच्या चुका ठरलेल्याच.

नावाला नाव जुळवणं

रागमाला, म्हणजे एकेका रागाला नायक-नायिकेच्या प्रसंगाचं रूप देणारी जुनी लघुचित्रं. त्यांचं प्रदर्शन असलं की हे हमखास होतं. भिंतीवर तोडी आहे ना, मग तोडी गायला सांगा. पुण्यातल्या एका दालनात हे मी जवळून पाहिलं. वीणा घेतलेली नायिका आणि तिच्याभोवती जमलेली हरणं, असं तोडी रागिणीचं चित्र मोठं करून गादीच्या मागे लावलेलं होतं. पत्रिकेवर ठळक अक्षरात ‘तोडी’. वेळ संध्याकाळी साडेसहाची. गायिकेच्या हातात पत्रिका पडली ती तानपुरे लावताना. त्या म्हणाल्या, “अहो, ही सकाळची. आत्ता कशी गाऊ?” संयोजक मुलगा म्हणाला, “ताई, दहा मिनिटं गा फक्त. लोकांना कुठे कळतंय?” बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी मारवा लावला, संध्याकाळचा राग, ज्यात पंचम (प) नसतो, आणि तासभर सुंदर गायल्या. पण राग बदलल्याचं कोणी सांगितलंच नाही. माझ्या शेजारच्या काकू शेवटपर्यंत पत्रिका आणि हरणं आळीपाळीने बघत होत्या. “तोडीत पंचम असतो ना हो?” असं त्यांनी मला हळूच विचारलं. त्यांना बरोबर कळत होतं. लोकांना कळत नाही असं धरून चालणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

आणि तोडी सकाळी ठेवली असती, तरी नावाची जुळणी खरी ठरली नसती. नासिरुद्दीनने मेवाडात चावंडला रागमाला रंगवली ती १६०५ साली. असे चित्रकार बहुतेक वेळा रागाचं ध्यान, म्हणजे रागाच्या रूपाचं वर्णन करणारे श्लोक, डोळ्यांसमोर ठेवून रंगवत. शिवाय तेव्हापासून आजपर्यंत रागांचे स्वर बदलत आले. कर्नाटक संगीतात आजही ज्याला तोडी म्हणतात, त्याचे स्वर आपल्या हिंदुस्थानी संगीतातल्या भैरवी थाटाचे, म्हणजे भैरवीच्या स्वरसंचाचे आहेत, आपल्या तोडीचे नाहीत. मग चित्रातली तोडी आणि आपली तोडी एकच, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

मी चित्रातला प्रसंग धरते. ललितच्या चित्रात पहाट झालेली असते, नायक निघालेला असतो आणि नायिका अजून झोपेत असते. या चित्राचे फोटो गायकाला महिनाभर आधी पाठवायचे आणि विचारायचं, “हे बघून तुम्हाला काय गावंसं वाटतं?” ललितच सुचला तर उत्तम. दुसरं काही सुचलं तर तेही ऐकायचं, आणि पत्रिका त्यानंतरच छापायची. रागमालेत ललित, विभास, भैरवी, आसावरी, तोडी अशी सकाळची मंडळी भरपूर असतात. त्यामुळे मी रविवारी सकाळी सातला दालन उघडून घेते. परवानगीसाठी चार चकरा जास्त पडतात, पण त्यावर शॉर्टकट नाही.

दालन न ऐकता साऊंडवाल्याला बोलावणं

कलादालन पाहण्यासाठी बांधलेलं असतं. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, उंच छत. तिथे आवाज घुमतो. अमेरिकेत हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयात एक व्याख्यानाची खोली होती. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, त्यामुळे पुढचं काही समजायचं नाही. १८९५ मध्ये तिथले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांना ती दुरुस्त करायला सांगितलं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं, आणि त्यातूनच वास्तुध्वनिशास्त्र, म्हणजे इमारतीत आवाज कसा वागतो याचं शास्त्र, उभं राहिलं. आपल्याकडे मात्र आवाज घुमला की पहिला उपाय म्हणजे स्पीकर वाढवणं. त्याने गोंधळ आणखी वाढतो. द्रुत ताना एकमेकींना चिकटतात, तबल्याचा बोल सुटा ऐकू येत नाही.

दालनाच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. तिची शेपटी लांब राहिली तर जाड सतरंज्या, गाद्या, तक्के आणा, मागच्या बाजूला जाड पडदे सोडा. साठ-सत्तर माणसं बसली की त्यांचे कपडेही आवाज पितात, हे लक्षात ठेवून रिकाम्या दालनात घाबरून जाऊ नका. एवढ्या लोकांसाठी मी माइक शक्यतो लावतच नाही. आणि गायकाला आधीच सांगते की इथे संथ आलापी खुलेल, जलद तानांचं बघा.

एसीवरून ऐन वेळी भांडण

गायक म्हणणार एसी बंद करा, चित्रं सांभाळणारे म्हणणार अजिबात नाही. दोघांचंही बरोबर आहे. थंड झोताने तारांचा सूर हलतो, तबल्याचं चामडं बदलतं, आणि एसी बंद केला तर भरल्या दालनातली दमट हवा कागदाला बाधते. एसी चालूच ठेवा. गादी झोतापासून दूर घाला आणि वाद्यं तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवा. गायकाला हे फोनवरच सांगून टाका.

बाकीच्या

समई आणि उदबत्ती दालनाबाहेर. काजळी चित्रावर बसली की निघत नाही.

चित्रीकरणवाल्यांचे प्रखर दिवे नकोत. कागदावरच्या जलरंगाला साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) वर प्रकाश देत नाहीत.

आलापी चालू असताना पडद्यावर चित्रं सरकवू नका. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

लघुचित्र वीतभर असतं, तिसऱ्या रांगेतून नुसता ठिपका दिसतो. म्हणून आधी अर्धा तास चित्रं, मग गाणं, मग पुन्हा दालन उघडं. डोळे आणि कान यांना आपापली वेळ द्या. “लंडनच्या नॅशनल गॅलरीत नाही का युद्धात मैफली झाल्या?” असं मला ऐकवतात. झाल्या, १९३९ च्या ऑक्टोबरपासून, पियानोवादक मायरा हेस यांच्या पुढाकाराने. पण तेव्हा चित्रं वेल्समध्ये हलवलेली होती. मैफलीला येणारी माणसं ऐकायला येत होती.

खाली बसता न येणाऱ्यांसाठी खुर्च्या कडेला मांडा, पण भिंतीपासून हातभर पुढे. मागे रेलणाऱ्याचं डोकं चौकटीला लागतं.