रेडिएटर सारखे तापत नसतील तर : कारण शोधण्याचा क्रम

काही घरे बॉयलरमध्ये तापवलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे आतून पोकळ धातूच्या पाट्यांमध्ये, फिरवून उबदार ठेवतात. अशा घरात एका खोलीत उकडते आणि शेजारच्या खोलीतला रेडिएटर मात्र जेमतेम कोमट राहतो, अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा बॉयलरचे तापमान वाढवतात. त्यामुळे तापलेले रेडिएटर आणखी तापतात, इंधन जास्त जळते आणि थंड रेडिएटरमध्ये फारसा फरक पडत नाही. कारण अडचण पाणी किती गरम आहे ही नसून ते कुठपर्यंत पोहोचते ही असते. हवा, अडकलेला व्हॉल्व्ह, गाळ आणि प्रवाहाची असमान वाटणी ही त्याची चार मुख्य कारणे आहेत. ती याच क्रमाने तपासावीत, कारण पहिल्या तिन्ही दोषांमुळे प्रवाहाची वाटणी बिघडल्याचा भास होतो आणि त्या भासावर विसंबून व्हॉल्व्ह फिरवत बसल्यास मूळ दोष तसाच राहून चांगली बसलेली मांडणीही विस्कटते.

प्रथम यंत्रणा पूर्ण थंड होऊ द्यावी, सर्व थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघड-बंद होणारे) पूर्ण उघडावेत, बॉयलर सुरू करावा आणि सुमारे अर्ध्या तासाने घरभर फिरून प्रत्येक रेडिएटर हात लावून पाहावा. रेडिएटरच्या आतले पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही जास्त तापलेले असू शकते. म्हणून तळहात टेकवून न ठेवता बोटांची मागची बाजू क्षणभर लावणे पुरेसे आहे. वरचा भाग थंड व खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. खालचा मधला भाग थंड आणि वरची कड गरम असेल तर तळाशी गाळ बसला आहे. संपूर्ण रेडिएटर थंड असेल तर बहुधा व्हॉल्व्ह अडकला आहे. बॉयलरजवळचे रेडिएटर कडक आणि लांबचे कोमट असतील तर वाटणीचा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावरचे सगळेच थंड असतील तर यंत्रणेतले पाणी कमी झाले असावे. उलट खालचे सगळे थंड आणि वरचे गरम असतील तर पंपावर संशय घ्यावा, कारण पंप न ढकलताही गरम पाणी आपोआप थोडेफार वर चढते.

हवा काढण्यापूर्वी यंत्रणा बंद करून पाणी निवू द्यावे. पंप चालू असताना हवा सोडण्याची तोटी उघडल्यास बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते, शिवाय गरम पाण्याने भाजण्याचा धोका असतो. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जावे. रेडिएटरच्या वरच्या टोकाशी असलेल्या लहान तोटीत चौकोनी चावी बसवून ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव ते अर्धा फेराच फिरवावी. त्याहून जास्त फिरवल्यास आतला स्क्रू निघून येण्याची भीती असते. खाली फडके धरावे. फुसफुस थांबून पाण्याची अखंड धार लागली की तोटी बंद करावी. बंदिस्त यंत्रणेत, म्हणजे वर पाण्याची उघडी टाकी नसलेल्या यंत्रणेत, यानंतर प्रेशर उतरते, म्हणून प्रेशरचा काटा पाहून, थंड अवस्थेत ते साधारण १ ते १.५ बार होईल एवढे पाणी भरावे आणि भरण्याची तोटी आठवणीने घट्ट बंद करावी.

हवा वरचेवर साठत असेल तर ती काढत राहणे हा उपाय नव्हे. कुठेतरी गळती असते, किंवा आतले लोखंड गंजताना तयार होणारा हायड्रोजन वायूच रेडिएटरमध्ये जमत असतो. दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्यासोबत नवा ऑक्सिजन आत जातो आणि गंजरोधक रसायन पातळ होते, त्यामुळे गंज आणखी वाढतो. गळती शोधून ते रसायन पुन्हा योग्य प्रमाणात घालणे हाच खरा इलाज आहे.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे वरचे प्लॅस्टिकचे डोके काढले की मधोमध एक बारीक पिन दिसते. ती दाबली की काही मिलिमीटर आत गेली पाहिजे आणि सोडताच स्वतःहून वर आली पाहिजे. बराच काळ वापर नसल्यावर ती आतच रुतून बसते. अशा वेळी व्हॉल्व्हच्या बाजूला लाकडी दांड्याने हलके ठोकावे, पिनेवर किंचित वंगण सोडावे आणि ती लाकडाच्या सपाट टोकाने हळूहळू दाबून मोकळी करावी. पकडीने तिला वर ओढू नये. काही प्रकारांत ती बाहेर निघून पाणी उसळते. पिन ठीक असेल तर व्हॉल्व्हचे डोके जाड पडद्यामागे किंवा सोफ्याआड दडलेले नाही ना, हे पाहावे, कारण तिथे कोंडलेल्या उष्णतेमुळे खोली तापली असे समजून तो वेळेआधीच बंद होतो.

गाळ म्हणजे मुख्यतः लोखंडाचे काळे ऑक्साइड. एकाच रेडिएटरमध्ये तो असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, पाणी काढून, रेडिएटर बाहेर नेऊन नळीने धुता येतो. मात्र लॉकशील्ड, म्हणजे टोपीखालचा, पान्याने फिरणारा व्हॉल्व्ह, बंद करताना त्याचे फेरे मोजून लिहून ठेवावेत. अनेक रेडिएटर असे असतील तर संपूर्ण यंत्रणा जाणकाराकडून धुऊन घेणे आणि चुंबकीय गाळणी बसवणे बरे.

एवढे झाल्यावरच वाटणीला हात घालावा. हे किचकट काम नाही, पण वेळखाऊ आहे. थंड यंत्रणा सुरू करून, दोन्ही बाजूंचे सर्व व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून, रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते लिहावे. मग सर्वांत आधी तापणाऱ्या रेडिएटरचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाव फेरा उघडावा आणि काही मिनिटांनी येणाऱ्या व जाणाऱ्या नळीचे तापमान मोजावे. फरक कमी असेल तर व्हॉल्व्ह किंचित बंद करावा, जास्त असेल तर किंचित उघडावा. जुन्या पद्धतीच्या बॉयलरसाठी हा फरक साधारण १० ते १२ अंश ठेवतात. धुरातली उष्णताही वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरसाठी तो २० अंशांपर्यंत चालतो आणि बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या हीट पंपासाठी बराच कमी लागतो, म्हणून उत्पादकाची पुस्तिका पाहावी. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत तांब्यावर चुकीचा आकडा दाखवतो. नळीवर मॅट काळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर मोजावे. याच क्रमाने पुढे जात राहिल्यास शेवटचा रेडिएटर बहुधा पूर्ण उघडाच राहतो. एकाचा प्रवाह आवळला की दुसऱ्यांचा वाढतो, त्यामुळे पहिल्या फेरीत बसलेले आकडे पुढे सरकतात आणि दुसरी फेरी करावीच लागते.

एकाच नळीवर ओळीने जोडलेल्या जुन्या यंत्रणेत मात्र आधीच्या रेडिएटरमध्ये निवलेले पाणीच पुढच्यांकडे जाते. तिथे व्हॉल्व्ह फिरवून फरक थोडा कमी होतो, पुरता जात नाही, आणि शेवटच्या खोलीला मोठा रेडिएटर बसवावा लागतो.