मुलाला क्रिबमधून मोठ्या बेडवर कसं न्यावं

नेरूळच्या माझ्या पाळणाघरात आईबाबा हा प्रश्न घेऊन आले की मी आधी विचारते, घाई कशाची आहे? मूल क्रिबमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी कठडा असलेल्या बाळाच्या पलंगात, शांत झोपत असेल तर दीड वर्षाचं असताना त्याला हलवायचं काहीच कारण नाही. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा बेडवर झोपतो, हे कारण होत नाही. ‘इथेच पडून राहायचं’ हे दोन वर्षांच्या मुलाला कळतं, पण पाळवत नाही. तीनच्या आसपास पाळता यायला लागतं. म्हणून जितकं तीनच्या जवळ जाता येईल तितकं चांगलं.

थांबायचं नाही ते एकाच बाबतीत. क्रिबची गादी सगळ्यात खाली नेऊनही मूल कठड्यावर पाय टाकत असेल, त्याची उंची ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर झाली असेल, किंवा उभं राहिल्यावर कठडा जेमतेम छातीपर्यंत येत असेल, तर त्याच दिवशी क्रिब बंद करा. उंचावरून पडण्यापेक्षा महिनाभराची जागरणं परवडली.

मुहूर्त

दुसरं बाळ येणार असेल तर दोन महिने आधी करा, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं होऊ द्या. बाळ घरी आलं त्याच आठवड्यात मोठ्याची क्रिब काढून घेतली की तो राग बाळावर निघतो, आणि त्यात त्या मुलाची काही चूक नसते. शू-शीची सवय लावणं चालू असेल, प्लेस्कूल नुकतं सुरू झालं असेल, तर थांबा. मे महिन्यात गावी जाणार असाल तर जूनमध्ये बघा. तिथे सगळी भावंडं ओळीने गाद्या टाकून झोपतात, आणि तुम्ही लावलेली घडी चार दिवसांत मोडते.

बेड

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मोटारीच्या आकाराचे, रंगीत शिडीचे बेड बघून मुलं हरखतात. घेऊ नका. साधा सहा बाय तीनचा, कमी उंचीचा सिंगल बेड पुरतो. बंक बेडचा वरचा मजला सहा वर्षांच्या आत नाहीच. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिले काही महिने नुसती कडक गादी जमिनीवर टाका, पडायची भीतीच संपते. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात जमिनीवरची गादी खालून ओलसर होऊन बुरशी धरते. रोज सकाळी ती भिंतीला उभी करून पंखा लावा.

बेड भिंतीला लावायचा तर अगदी चिकटून लावा. गादी आणि भिंत यांच्यातली फट फार धोकादायक, झोपेत मूल सरकून त्यात अडकतं. फटीत उशा कोंबणं हा त्यावरचा उपाय नाही, बेड सरकवा. बाजूला लावायचा तयार कठडा मिळतो, त्याच्या आणि गादीच्या मध्येही फट नको. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला असा कठडा लावू नका.

खोली

आजपासून अख्खं घर म्हणजे क्रिब, असं समजून एकदा गुडघ्यांवर रांगत फिरा. बेड खिडकीखाली नको. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये स्लायडिंग खिडक्या इतक्या खालपर्यंत असतात की बेडवर उभं राहिलेलं मूल सहज कठड्यापलीकडे वाकतं. ग्रिल हवंच. कपाट आणि खणांचं टेबल भिंतीला स्क्रूने आवळा. डासांच्या लिक्विडचं मशीन खालच्या सॉकेटमधून काढा. बाल्कनीला आणि मुख्य दाराला वरची कडी घाला. आणि ज्या सोसायट्यांत पाण्याच्या वेळा आहेत तिथे रात्री बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या असतात, तेव्हा बाथरूमचं दार बाहेरून बंद. दोन वर्षांचं मूल बादलीत डोकं खाली करून गेलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.

रात्री उठून येणं

इथपर्यंतचं एका रविवारी होतं. खरा कस यापुढे लागतो, आणि माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी माझाही घाम इथेच निघाला.

पहिल्या दोन-तीन रात्री नवलाईत जातात आणि आईबाबा म्हणतात, आमचं तर झालं! मग मुलाच्या लक्षात येतं की आता अडवणारं काही नाही. ते हॉलमध्ये येऊन उभं राहतं. पाणी हवं, शू आली, पंखा वाजतो. पाणी आणि शू झोपण्याआधी उरकलेली असू द्या, म्हणजे तुमच्या मनात शंका राहत नाही. मग बोट धरायचं, ‘झोपायची वेळ झाली, चल’ एवढंच म्हणायचं आणि परत नेऊन ठेवायचं. दुसऱ्यांदा आलं तर तेही वाक्य नको, नुसतं बोट. दिवा लावायचा नाही, कडेवर घ्यायचं नाही, समजावत बसायचं नाही आणि रागवायचंही नाही. रात्री दहा वाजता ओरडणारी आई हीसुद्धा मुलासाठी जागं राहण्यासारखी गोष्ट असते.

ते पुन्हा येईल. पुन्हा पुन्हा येईल. दहा वेळा नेऊन ठेवलंत आणि अकराव्या वेळी दमून कुशीत घेतलंत, तर मूल एवढंच शिकतं की अकरा वेळा यायचं असतं. ज्या रात्री तुमच्यात ताकद नसेल, त्या रात्री सुरुवातच करू नका.

यात घरातल्या सगळ्यांनी एक व्हायला हवं. वन बीएचकेमध्ये आजी-आजोबा हॉलमध्ये झोपतात. नातू दारात रडवेला उभा दिसला की आजी ‘ये रे बाळा, माझ्यापाशी झोप’ म्हणणारच. त्यांना हे दुपारी चहा घेताना, नीट समजावून सांगा. रात्री मुलासमोर अडवू नका. आणि त्यांना काम द्या, म्हणजे झोपण्याआधीची गोष्ट आणि अंगाई आजीची, ने-आण तुमची. हॉलमधला टीव्ही तेवढे दिवस बंद ठेवा. बाबा मुंबईहून उशिराच्या लोकलने येत असतील तर बेल न वाजवता किल्लीने दार उघडू द्या. बाबांचा आवाज ऐकून उठलेलं मूल तासभर झोपत नाही.

आता ऐकू नयेत असे सल्ले. ‘झोप लागेपर्यंत शेजारी पडून राहा’ म्हणतात. मग रात्री दोनला जाग आल्यावर ते तुम्हाला शोधणार. सोबत हवीच असेल तर गादीजवळ जमिनीवर बसा आणि दर दोन-तीन दिवसांनी दाराकडे सरकत जा. ‘बागुलबुवा येईल’ म्हणून घाबरवलेलं मूल अंधारात एकटं कसं झोपेल? हातात मोबाइल देणं तर नकोच. आणि खोलीला बाहेरून कडी लावणं मी कुणालाही कधीही करू देणार नाही, रात्री आग लागली तर ते मूल कुठे जाणार? दारात बुटकं फाटक चालेल.

दुपारची झोप चारच्या पुढे जाऊ देऊ नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते, ती दुपारीच भागली तर नऊला डोळा लागणार नाही.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं स्थिरावतात. ताप आला की थोडं मागे जातं, बरं वाटलं की पुन्हा तेच बोट धरून सुरू करा. दोन आठवड्यांनंतरही मूल रोज रडून अर्धमेलं होत असेल आणि ते कठड्यावर चढणारं नसेल, तर क्रिब परत लावा आणि महिना-दोन महिने थांबा.

क्रिब

तोपर्यंत ती मोडीत काढू नका. नंतर कुणाला देणार असाल तर सगळे स्क्रू पिशवीत घालून फळीलाच बांधून द्या, आणि एखादी पट्टी तुटली असेल तर देऊच नका. एक बाजू वरखाली सरकणारी जुनी क्रिब असेल तर तीही देऊ नका. अशी बाजू निखळून त्या फटीत बाळं अडकल्यामुळे अमेरिकेत अशा क्रिबची विक्री २०११ मध्ये बंद केली गेली.