बूस्टवरून हॉर्सपॉवरचा अंदाज, दोन मिनिटांत

टर्बोचं बूस्ट, म्हणजे टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो तो जादा दाब, ७ वरून १४ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) केलं की ताकद दुप्पट, असं बरेच जण धरून चालतात आणि पैसे घालून बसतात. पण बूस्टचा काटा शून्यावर असतो तेव्हाही बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय दाब असतोच. तो हिशेबात धरा.

१. बूस्टमध्ये १४.७ मिळवा.
२. बेरजेला १४.७ ने भागा.
३. आलेल्या आकड्याने मूळ हॉर्सपॉवरला गुणा.

अमेरिकेतली १९९० ची १.६ लिटर माझदा मियाटा घ्या: ११६ हॉर्सपॉवर. ६ पीएसआय बूस्ट दिलं तर २०.७ भागिले १४.७, म्हणजे १.४१, ताकद साधारण १६३. हे झालं कागदावरचं. दाबलेली हवा तापते, म्हणून वाढीव ४७ मधला पाचवा हिस्सा मी सरळ सोडून देतो आणि १५४ च्या आसपास धरतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) नसेल तर आणखी कमी.

गाडी मुळातच टर्बो असेल तर नव्या बेरजेला जुन्या बेरजेने भागायचं. ७ वरून १४ म्हणजे २८.७ भागिले २१.७. वाढ जेमतेम ३२ टक्के!

बूस्ट वाढवण्याआधी पेट्रोलचा पुरवठा आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवून घ्या. नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा, खडखड आवाज आला की ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढा, नाहीतर पिस्टन जातो.